एक नंबरचा माल

मुंबई बंदरात जी 'अरुषा तूर' म्हणून उतरते, ती टांझानियातल्या अरुषा शहरात थोडीच पिकते? ती येते बाबाती, करातू अशा आतल्या जिल्ह्यांतून. मी मूळचा लातूरचा. अरुषात एका निर्यातदाराकडे माल तपासायचं काम करत होतो. ऑगस्ट 2017 मधला करातूचा एक दिवस अजून डोक्यातून जात नाही.

करातू म्हटलं की बाकी जगाला न्गोरोंगोरोचं विवर आठवतं. विवराच्या फाटकाआधीचं हे शेवटचं मोठं गाव. सफारीच्या लँड क्रूझर इथं टाक्या भरतात आणि वर निघून जातात. जून ते ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम आणि तुरीची काढणीही नेमकी त्याच दिवसांत. त्यामुळे लॉजवर ओझी उचलायला गेलेली पोरं शेतात मिळत नाहीत. डोंगराच्या कुशीत कॉफीचे मळे, मळ्यांत लॉज, खाली एयासी तलावाकडे पाटाच्या पाण्यावरचा कांदा आणि मधल्या लाल मातीत इराक्व लोकांचा मका, गहू, सूर्यफूल, तूर. वरच्या जंगलातले हत्ती रात्री याच शेतांत उतरतात. त्याच हत्तींचे फोटो काढायला पाहुणे पैसे मोजतात, पण मका तुडवला गेला तर शेतकऱ्याच्या हाती काय पडतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

तूर इथं म्बाझी. फेब्रुवारी-मार्चच्या पावसावर मक्यात आंतरपीक म्हणून पेरतात. मका निघाला तरी ती रानात उभी राहते. तुराट्या चुलीला, अगदी आपल्यासारख्याच. डाळ मात्र कुणी करत नाही. किनाऱ्याकडे नारळाच्या रसातली म्बाझी आवडीने खातात. करातूत उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि घेवडा. म्हणजे पीक जवळजवळ सगळं विकण्यासाठी, आणि गिऱ्हाईक एकच, भारत. आपली नवी तूर डिसेंबरनंतर बाजारात येते, त्याआधीच्या टंचाईच्या महिन्यांत ही पोचते. सगळा धंदा त्या दोन-तीन महिन्यांच्या फटीवर चालतो.

5 ऑगस्टला दिल्लीची अधिसूचना निघाली. तुरीची आयात वर्षाला 2 लाख टनांवर बांधली. मोझांबिकशी सरकारचा आधीच करार होता, तो माल यातून वगळला. टांझानियाचा तसा करार नव्हता. ऑफिसचा निरोप आला : खरेदी बंद, पण गावोगावचे नमुने घेत राहा, शेतकरी हातचा जायला नको. ऑफिसात बसून असे निरोप सुचतात.

म्हणून त्या दिवशी परखी, पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी, घेऊन गेलो. दलालाच्या पत्र्याच्या गोदामात माणसं पोती घेऊन बसलेली. परखी पोत्यात वरून, मधून, तळातून मारावी लागते, कारण वरचा थर सगळेच निवडून ठेवतात. दाणे पांढऱ्या कापडावर पसरायचे. डागी, फुटके, सुरकुतलेले वेगळे. दाण्यावर चिकटलेला पांढरा ठिपका दिसला की तो भुंगेऱ्याची अंडी समजायचा. भुंगेरा शेतातूनच येतो आणि कंटेनर मुंबईला पोचेपर्यंत दाण्याला भोक पाडतो. ओलावा 12 टक्क्यांच्या वर नको. मीटर माझ्याकडे होतं, तरी एक दाणा मी दाताखाली धरतोच. कट्कन तुटला तर वाळलाय, दबला तर परत उन्हात.

एका म्हाताऱ्याचा माल बघून मी थबकलो. ठसठशीत पांढरा दाणा, एकसारखा, काडीकचरा नावाला. लातूरच्या मिलवाल्याने याचा डाळीचा उतारा बघून न मागता दर वाढवला असता. दलालाने चिठ्ठी पुढे केली, मी 'एक नंबर' लिहिलं. दुसरं काय लिहिणार? म्हाताऱ्याने लगेच वजनकाटा कुठाय विचारलं. मी म्हटलं, म्झे (वडीलधाऱ्याला तिकडे असंच म्हणतात), खरेदी बंद आहे. शिलिंगांतला भाव एव्हाना हजारांतून शेकड्यांत आला होता, आणि त्या भावातही घेणारा नव्हता. तो चिठ्ठीकडे बघत म्हणाला, "मग तपासलीस कशाला?" दलाल हसला. मला त्याचा राग आला, पण हसण्यासारखं होतंच.

संध्याकाळी गावी, माझ्या भावाला फोन केला. त्याच वर्षी वसंतात तो स्वतःची तूर घेऊन सरकारी खरेदी केंद्रावर रांगेत पडून होता. कधी बारदाना संपायचा, कधी गोदाम भरायचं. तो म्हणाला, आयात बंद केली ते झकास झालं, दोन वर्षं उशीरच झाला. त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. म्हाताऱ्याचा माल त्याच्या मालापेक्षा सरस आहे, हेही मी बोललो नाही.

पण एक गोष्ट भावालाही पटते. निर्णय कुठलाही असो, तो पेरणीआधी येत नाही. 2017 मध्ये आला तेव्हा करातूत पीक काढणीला आलेलं. 15 मे 2021 ला आयात पुन्हा मोकळी झाली, तेव्हा तिथली पेरणी उरकून दोन महिने झालेले. ते वाचून मी दलालाला फोन लावला. तो म्हणाला, म्बाझी पेरणारे कमी झालेत, बरेच जण सूर्यफुलाकडे वळले. पुढच्या हंगामाचा भाव आत्ता लेखी द्या, मग बोलतो लोकांशी.

ऑफिसने लेखी द्यायला नकार दिला.