१३९ युरोंचा संगणक आणि न बसलेली रॅम

जर्मनीत शिकायला येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला बहुधा वर्षभराचा खर्च आधीच एका विशेष खात्यात भरून ठेवावा लागतो आणि त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच हाती पडते. मी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केम्निट्झला आलो तेव्हा ही वार्षिक रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो होती. खोलीचे भाडे, आरोग्य विमा आणि किराणा यांतून जे उरते त्यातच पुस्तके, हिवाळ्याचे जाकीट आणि माझ्या बाबतीत एक संगणक बसवायचा होता. अमळनेरहून आणलेल्या लॅपटॉपची आठ जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, बोर्डावरच सोल्डर केलेली होती, त्यामुळे ती वाढवण्याची सोय नव्हती. यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातील सिम्युलेशन त्यावर सुरू केले की पंखा गिरणीसारखा आवाज करी आणि पडदा गोठून जाई.

आमचे अमळनेर म्हणजे जिथे १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली आणि पुढे संगणकाच्या धंद्यात उतरली ते गाव. गावात त्या कंपनीच्या शेअर्सच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो. आमच्या घरी मात्र पहिला संगणक २०१४ साली आला, तोही मामांच्या कापसाच्या जिनिंगमधला जुना. त्यामुळे वापरलेल्या यंत्राविषयी मला कधी कमीपणा वाटला नाही आणि केम्निट्झमध्ये नवीन संगणकाच्या दुकानात मी पाऊलही टाकले नाही.

इथल्या मोठ्या कंपन्या आपल्या कार्यालयांतील संगणक काही वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. जुनी यंत्रे व्यापारी विकत घेतात, साफ करतात, तपासतात आणि वॉरंटी देऊन पुन्हा विकतात. २०२४ च्या हिवाळ्यात अशी यंत्रे ढिगाने उपलब्ध होती, आणि त्याला एक कारणही होते. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे नियमित सुरक्षा-दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे आधीच जाहीर झालेले होते, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर (संगणकाचा आकडेमोड करणारा मुख्य भाग) साधारणपणे आठव्या जनरेशनपासूनच, म्हणजे आठव्या पिढीपासूनच आहेत. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या जनरेशनची यंत्रे मातीमोल भावाने निघाली होती. मोह त्यांचाच पडत होता, कारण ऐंशी-नव्वद युरोंत 'आय सेव्हन' हे इंटेलच्या वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरचे नाव लिहिलेला डबा मिळत होता.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये संगणक घ्यायला गेलेल्या माणसाला हा मोह ओळखीचा असेल. 'आय सेव्हन आहे साहेब' एवढे ऐकून आपण खूश होतो आणि त्यापुढचा आकडा विचारायचे विसरतो. आय सेव्हन ३७७० हा २०१२ चा प्रोसेसर आहे आणि आय थ्री १२१०० हा २०२२ चा. दोघांनाही चार कोअर (काम करणारी केंद्रे) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, तरी नावाने धाकटा असलेला आय थ्री कामात पुष्कळ पुढे निघून जातो. घरी आपण अख्ख्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतो ना, तशीच ही गत आहे. नाव एकाचे आणि वस्तू भलतीच. शेवटी मी आठव्या जनरेशनचा, सहा कोअरचा आय फाइव्ह ८५००, आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी (माहिती कायम साठवणारा भाग) असलेले एक बुटके कार्यालयीन यंत्र १३९ युरोंना घेतले. तेव्हाच्या दराने ते साधारण साडेबारा हजार रुपयांना पडले. त्या वर्षी जर्मनीतील किमान वेतन तासाला १२.४१ युरो होते, म्हणजे ग्रंथालयात किंवा गोदामात सव्वाअकरा तास उभे राहण्याची ती किंमत होती.

व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेण्याचा निर्णय मी कायदा वाचून घेतला. युरोपीय संघात दूरस्थ पद्धतीने घेतलेली वस्तू चौदा दिवसांच्या आत कोणतेही कारण न देता परत करता येते. वस्तूत मुळात दोष असेल तर विक्रेता दोन वर्षे जबाबदार राहतो. वापरलेल्या वस्तूंसाठी ही मुदत करारात एक वर्षापर्यंत कमी करता येते. खासगी माणसाकडून घेतले तर यातले काहीच लागू होत नाही, कारण प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी 'खासगी विक्री, जबाबदारी नाही' अशा अर्थाचे एक वाक्य चिकटवलेले असते आणि ते बहुतांशी चालते. तेव्हा मी मनाशी असे ठरवले की ज्यात दोष लपून राहू शकतो तो भाग व्यापाऱ्याकडून घ्यायचा आणि जो समोर तपासता येतो तो खासगी माणसाकडून. हा नियम चांगला होता. मीच तो पाळला नाही, पण ते पुढे सांगतो.

संगणक आला, चालला, आणि सिम्युलेशन पुन्हा अडकले. आता काय घ्यावे हे ठरवण्यासाठी मी टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती राबतो ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून गणित सुरू केले आणि समोर बसून राहिलो. प्रोसेसर चाळीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता, रॅम सत्त्याण्णव टक्के भरली होती आणि एसएसडीवर सतत लिहिणे-वाचणे चालू होते. याचा अर्थ असा की रॅममध्ये जागा नसल्यामुळे विंडोज तिथला काही माल एसएसडीवर उतरवत होते आणि लागला की पुन्हा वर चढवत होते. अरुंद खळ्यात मळणी लावली तर अर्धा वेळ पोती इकडची तिकडे करण्यातच जातो, तसे ते होते. प्रोसेसर बदलण्यासाठी दीडशे युरो घातले असते तरी त्याने वाटच पाहिली असती. जो भाग अडवतो आहे त्यावरच पैसा घालायचा, एवढे त्या अर्ध्या तासात कळले. आपल्याकडे 'कॉम्प्युटर स्लो झाला' म्हटल्याबरोबर नवीन घेण्याची भाषा सुरू होते. तिच्या आधी हा अर्धा तास खर्च करायला हवा असे माझे मत आहे.

रॅम मी क्लाइनअँत्साइगेन या जुन्या-पान्या वस्तूंच्या संकेतस्थळावर शोधली. तिथे किमतीपुढे 'फाउ बे' ही दोन अक्षरे असली तर भाव बोलायला वाव आहे असे समजायचे. पण आपल्यासारखे 'शेवटचा भाव सांगा' असे थेट विचारणे तिथे असभ्यपणाचे मानतात आणि अशा निरोपाला बरेच जण उत्तरच देत नाहीत. आधी नमस्कार, मग वस्तू अजून आहे का याची चौकशी, मग कधी येऊ शकतो ते, आणि शेवटी संकोचाने एक आकडा. अमळनेरच्या बाजारात वांगी घेताना मी शिकलेले सगळे कसब इथे निकामी ठरले.

सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या, सत्तेचाळीस युरो, लाइपझिग. रेल्वेने एक तास. विकणारा विद्यार्थीच होता आणि पाचव्या मजल्यावर राहत होता. मी खिशात मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा पेन ड्राइव्ह नेला होता. त्याने कुरकुर न करता तो आपल्या संगणकाला लावला आणि त्याच पट्ट्यांची तपासणी माझ्यासमोर सुरू केली. पूर्ण फेरीला तासाहून अधिक वेळ लागतो. आम्ही वीस मिनिटे पाहिले, चूक एकही आली नाही आणि तेवढ्यावर मी पैसे दिले. त्याच्याकडे ३२०० वेगाच्याही पट्ट्या होत्या आणि त्या थोड्या महाग होत्या. पण माझा प्रोसेसर २६६६ च्या पुढे रॅम चालवतच नाही, त्यामुळे तो जादा वेग मला नुसता मिरवायला मिळाला असता. एकच बत्तीसची पट्टी न घेता दोन घेण्याचे कारण असे की दोन्ही खाचांत सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन वाटांनी एकाच वेळी माल उचलतो.

त्या रात्री सिम्युलेशन चाळीस मिनिटांत संपले. आदल्या आठवड्यात तेच पहाटेपर्यंत चालले होते. मूळची आठ जीबीची पट्टी काढून मी टेबलाच्या खणात ठेवली. तिची गोष्ट शेवटी येईल.

इथे थांबायला हवे होते. यशाने डोके फिरते म्हणतात, तसे माझे फिरले आणि मी ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागलो. सीएडीसाठी, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्यासाठी, लागेल अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरे कारण गेम होते. एका खासगी विक्रेत्याकडून सत्तर युरोंना कार्ड घेतले, टपालाने मागवले आणि खोका उघडताक्षणी दोन गोष्टी एकदम लक्षात आल्या. कार्डाची लोखंडी पट्टी पूर्ण उंचीची होती आणि माझे कॅबिनेट जेमतेम त्याच्या अर्ध्या उंचीची कार्डे घेणारे. शिवाय कार्डाला सहा पिनांची स्वतंत्र वीजजोडणी हवी होती. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला पंचाहत्तर वॅटपर्यंतच वीज मिळते. त्याहून अधिक हवी असेल तर एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी तार यावी लागते आणि माझ्या एसएमपीएसला ती तारच नव्हती. एसएमपीएस बदलू म्हटले तर तोही मार्ग सोपा नव्हता, कारण अशा कार्यालयीन यंत्रांत बाजारातला नेहमीचा चोवीस पिनांचा जोड न वापरता कंपनी स्वतःचा वेगळाच जोड वापरते. कार्डात काही दोष नव्हता आणि विक्रेत्याने मला फसवलेही नव्हते. मीच कॅबिनेटची उंची मोजली नव्हती. महिनाभराने ते कार्ड पंचावन्न युरोंना दुसऱ्याला विकले. पंधरा युरो गेले, आणि त्याहून अधिक शरम वाटली.

बाकीच्या गोष्टी सहज जमल्या. सेमिस्टर संपल्यावर शहर सोडून जाणारे विद्यार्थी मिळेल त्या किमतीला सामान काढतात, तसा चोवीस इंची मॉनिटर तीस युरोंना मिळाला. कीबोर्ड फुकट पडला. इथे लोक नको झालेल्या वस्तू खोक्यात भरून दारासमोर ठेवतात आणि वर 'देऊन टाकायचे आहे' असे लिहितात; त्यातून तो उचलला. मात्र जर्मन कीबोर्डावर वाय आणि झेड यांची जागा अदलाबदल झालेली असते, त्यामुळे पहिला महिनाभर माझ्या ईमेलमधले इंग्रजी वाचणाऱ्याची कीव यावी असे होते.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये घरी आलो तेव्हा खणातली ती आठ जीबीची पट्टी मी मुद्दाम सोबत आणली, मोज्यात गुंडाळून. मामांचा जिनिंगमधला संगणक फारच मंदावला आहे असे आई फोनवर सांगत होती. हंगाम भरात होता, आवारात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि कार्यालयात हिशेबाचे टॅली उघडायला मामा चहा संपेपर्यंत थांबत होते. मी जर्मनीतला संगणक किती रुपयांचा ते सांगू लागलो तर त्यांनी मधेच थांबवून विचारले, "कितलामा पडना?" आणि आकडा ऐकून नुसती मान डोलावली.

कॅबिनेटचे झाकण उघडले. आत प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा हीट सिंक दिसतच नव्हता. त्याच्या पात्यांमध्ये सरकीच्या धुळीत मिसळलेली कापसाची बारीक तूस इतकी घट्ट बसली होती की ती वातीसारखी ओढून काढावी लागली. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. जुनी पेस्ट स्पिरिटने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली, पंखा बसवला आणि मग मोठ्या थाटात माझी पट्टी काढून खाचेत दाबली. ती बसेना. जरा जोर लावला तरी बसेना. उलटी करून पाहिली, मग खाली वाकून खाचेतला उंचवटा आणि पट्टीतला काप यांची जागा ताडून पाहिली. दोन्हींत जेमतेम काही मिलिमीटरचा फरक होता. मामांचे यंत्र चौथ्या जनरेशनचे, म्हणजे डीडीआर थ्री या रॅमच्या जुन्या प्रकाराचे. माझी पट्टी डीडीआर फोरची. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच तो काप वेगळ्या जागी ठेवलेला असतो. सहा हजारांहून अधिक किलोमीटरवरून आणलेली ती वस्तू तिथे निरुपयोगी ठरली, आणि कॅबिनेटची उंची न मोजणाऱ्या माणसाने एका वर्षात तीच चूक दुसऱ्यांदा केली होती. निघण्यापूर्वी फोनवर मॉडेल क्रमांक विचारला असता तरी भागले असते.

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर रेल्वेने जळगावला गेलो आणि गोलाणी मार्केटमधल्या त्यांच्या नेहमीच्या दुकानात पट्टी काउंटरवर ठेवली. शरद ऋतूपासून जगभर रॅमचे भाव चढले होते, कारण मोठमोठी डेटा सेंटर्स चिप उचलू लागली होती. माझ्या लाइपझिगच्या पट्ट्यांच्या जोडीलाही तोवर घेतल्या किमतीच्या कितीतरी पट भाव आला होता. दुकानदाराने पट्टी उजेडात धरली, दुसऱ्या संगणकात लावून पाहिली आणि तिच्या बदल्यात डीडीआर थ्रीच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या काढून दिल्या. मामांच्या यंत्रात दोन-दोन जीबीच्या दोनच होत्या, त्यामुळे हिशेब नेमका जमला. सोबत सुमारे दोन हजार रुपयांना साटा जोडणीची एक एसएसडी घेतली, कारण खरे अडवणारे दुखणे जुनी फिरती हार्ड डिस्कच होती. विंडोज ११ त्या यंत्रावर अधिकृतपणे चालणार नाही हे मी मामांना सांगितले आणि बँकेचे काम त्यावर करू नका असेही बजावले. "ते मी मोबाईलवरच करतो," ते म्हणाले.

जर्मन सवयीने मी दुकानदाराकडे बिल मागितले. त्याने माझ्याकडे आणि मग मामांकडे पाहिले. अदलाबदलीचे बिल कसे करायचे हे त्यालाही सुचले नसावे. "मामांना ओळखतो मी, चालली नाही तर घेऊन या," तो म्हणाला. मी तरीही उभा राहिलो. तेव्हा त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तारीख टाकली, त्याखाली '४+४' एवढेच लिहिले आणि कार्ड माझ्या हातात दिले. ते मामांनी घरी आल्यावर कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवले आहे.