तुम्ही विचारलंत म्हणून: तांदळाच्या पिशवीत काय असतं

"बाई, खरं सांगा, ते धान्य वाटणं म्हणजे शेवटी बाटवायलाच ना?"

हा प्रश्न मला रिक्षात ऐकावा लागलाय, लग्नाच्या पंगतीत ऐकावा लागलाय. गेल्या महिन्यात तर चौथीला माझ्या वर्गात असलेल्या मुलाने हसत हसत विचारला. म्हणून आता एकदा लिहूनच टाकते.

नाही. बाटवायला नाही. वसईतल्या पापडीच्या आमच्या कॅथेड्रलमधली, व्हिन्सेंट डी पॉल या कॅथलिक सेवासंस्थेची आम्ही मंडळी दोघं-दोघं मिळून घरोघर जातो. कुठे शिधा, कुठे औषधाचं बिल, कुठे वह्या. घर निवडताना धर्म विचारत नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला विरोधकांनी डिवचलं होतं, की तुमच्या धर्माने पूर्वी केलं असेल, आज गरिबांसाठी काय करता? त्यातून ही संस्था निघाली. टोचणाऱ्या प्रश्नातूनच जन्मलेली आम्ही माणसं, तरी तुमचा प्रश्न झोंबतो.

आमिष दाखवून कुणाला धर्मात आणायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या आमच्या बिशपांच्या सभेने, १९६५ सालीच सक्त मनाई केली आहे, हे मी विचारणाऱ्याला तोंडपाठ सांगायचे. पोर्तुगिजांनी केलेल्या बाटवाबाटवीचा हिशेब माझ्याकडे मागू नका, त्यांना चिमाजीअप्पांनी १७३९ सालीच वसईतून घालवलं, असंही ऐकवायचे. माझं आडनाव त्यांच्याकडूनच आलंय, हे मात्र बोलत नसे.

२०१८च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, मिठागरातली माणसं अडकून पडली. पाणी ओसरल्यावर आम्ही तिकडच्या काही घरांना शिधा देऊ लागलो. त्यातलं एक घर अजून डोळ्यांसमोर आहे. पावसात मिठाचं काम बंद, नवरा मिळेल तिथे बिगारी करायचा, ती धुणीभांडी. पाच किलो तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा. पिशव्या मी माझ्या ओटीवर भरायचे आणि प्रत्येकीत मरियामातेचं एक छोटं चित्र सरकवायचे. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. माझी आई माझ्या दप्तरात ठेवायची, तसंच.

दोनेक महिन्यांनी रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, त्या घरातली ती बाई दिसली. शेवटच्या बाकामागे, लेकीचा हात धरून, डोक्यावर पदर. सगळे उठले की उठायची, सगळ्यांनी गुडघे टेकले की टेकायची, दर वेळी जरा उशिरा, पुढच्यांकडे बघून. मला आनंद झाला. आज हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. मिस्सा संपताच मी लगबगीने तिच्याकडे गेले.

"बाई, दर रविवारी यावं लागंल का? कामाचा खाडा होतो. पोरीला एकटीला धाडली तर चालंल?"

"कशाला यायचं?"

तिने पदराच्या गाठीतून ते चित्र काढलं. "तांदळासाठी."

मी म्हटलं, अगं, यायची काहीच गरज नाही. माझा आवाज चढला असावा. तिचा चेहरा उतरला.

"मग आता तांदूळ बंद का?"

लेक माझ्याकडे बघत होती. माणसं आमच्या बाजूने बाहेर पडत होती. तांदूळ बंद होणार नाही हे मी तिला तीनदा सांगितलं, तरी ती मान हलवत राहिली, साहेबासमोर हलवतात तशी.

त्या दिवसापासून पिशवीत चित्र नाही. माझी जोडीदारीण म्हणते, प्रेमाने दिलंस, यात पाप कसलं? पूर्वीची मी तर अजून भांडते, की ज्याच्या नावाने जातेस त्यालाच दाराबाहेर ठेवतेस, हा खोटेपणा नाही का? पोप सोळाव्या बेनेडिक्टनी २००५च्या त्यांच्या पहिल्या विश्वपत्रात, म्हणजे सगळ्या चर्चला लिहिलेल्या पत्रात, म्हटलं आहे की प्रेम हे दुसरं काही साधण्याचं साधन नव्हे. देवाविषयी कधी बोलावं आणि कधी गप्प राहावं, हे ख्रिस्ती माणसाला कळतं. मी ते तेव्हाही वाचलेलं होतं. पण चित्र ठेवणं हे बोलणं होतं की गप्प राहणं? आणि गळ्यातला क्रूस? तो मी कुणाच्याच दारात काढत नाही, काढणारही नाही.

तिच्या घरी अजून जाते. फळीवर तिच्या देवांच्या रांगेत ते चित्र आहे, कोपरे दुमडलेलं. तिला हवं म्हणून आहे की आम्ही येतो म्हणून, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.