पोटात गोळा न येणारं डिस्ने वर्ल्ड

"अंधार आहे का? एकदम खाली पडतं का? मोठा आवाज होतो का?"

माझ्या सहा वर्षांच्या लेकीचे हे तीन प्रश्न. ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डच्या सहलीची आमची सगळी आखणी या तीन प्रश्नांवर उभी राहिली.

आम्ही अटलांटाला राहतो. डिसेंबरात शाळेला नाताळची सुट्टी लागणार होती, सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि अकरा वर्षांच्या थोरल्याने दोन वर्षं डिस्ने वर्ल्डचा धोशा लावला होता. प्रश्न होता तो धाकटीचा. त्याच उन्हाळ्यात एका जत्रेत "काही नाही गं, हळूच फिरतं" असं सांगून मी तिला एका पाळण्यात बसवलं होतं. ते हळू फिरत नव्हतं. उतरल्यावर ती रडली नाही, नुसती गप्प झाली. पुढे कित्येक आठवडे लिफ्टमध्ये शिरण्याआधी ती माझ्या तोंडाकडे बघायची, आई खरं सांगतेय ना हे तपासायला. तिचं ते बघणं मला अजून टोचतं. म्हणून या वेळी घरात एकच नियम केला: खोटं बोलून तिला कशातही बसवायचं नाही.

नोव्हेंबरभर रोज जेवणानंतर आजी आणि नात टॅब्लेट घेऊन बसायच्या. पहिल्या सीटवरून काढलेले राइडचे अख्खे व्हिडिओ यूट्यूबवर मिळतात, ते बघायचे, तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची आणि वहीत 'हो', 'नाही' किंवा 'बघू' लिहायचं. सासूबाईही मनापासून सामील झाल्या, कारण औंधच्या यमाईच्या जत्रेत लग्नानंतर एकदाच त्या मोठ्या पाळण्यात बसल्या होत्या. "वरनं खाली येताना पोटात असा गोळा आला, की पुन्हा त्या वाटेला गेले नाही," असं त्यांनी नातीला सांगितलं. आजीलाही गोळा येतो हे कळल्यावर लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावलेला मी पाहिला.

या व्हिडिओंमुळे मलाही बरंच कळलं. नावावरून काही ठरवू नये, हे पहिलं. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनमध्ये लेकीचे लाडके बुटके आहेत, पण ती चक्क रोलर कोस्टर आहे; उंचीची अट ३८ इंच म्हणजे साधारण ९७ सेंटिमीटर. एपकॉट हे डिस्ने वर्ल्डमधलं एक उद्यान, तिथलं 'फ्रोझन' म्हणजे नुसती नावेतली सैर, असं मला वाटत होतं. ती नाव मध्येच उलट दिशेने जाते आणि अंधारात छोटीशी घसरते. 'पायरेट्स'मध्येही अंधारात एक घसरण आहे. दोन्हींपुढे 'नाही' लागलं. उलट 'हॉन्टेड मॅन्शन' म्हणजे भुतांचा वाडा, तिथे आवाज आणि काळोख दोन्ही आहेत, पण पोटात गोळा आणणारं काही नाही. तिथे 'बघू' लागलं. तिला वेगाची भीती नव्हतीच. भीती होती ती अचानक काहीतरी होण्याची.

तारखांचं म्हणाल तर २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा शक्य असेल तर टाळाच. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी तेव्हा असते, आणि तिकिटांचे दर तारखेनुसार ठरत असल्याने तेही तेव्हा चढलेले असतात. आम्ही सुट्टी लागताच निघालो आणि २३ तारखेला परतलो. मॅजिक किंगडम या किल्ल्याच्या उद्यानात नोव्हेंबर-डिसेंबरातल्या काही संध्याकाळी वेगळ्या तिकिटाची नाताळ पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना लवकर बाहेर पडावं लागतं, म्हणून पुष्कळ लोक तो दिवस टाळतात आणि दुपारपर्यंत रांगा बऱ्या असतात. लहान मूल संध्याकाळी तसंही दमतं, तेव्हा आमच्यासारख्यांना तोच दिवस सोयीचा.

पैशांची एक गोष्ट. रांग टाळायचे लाइटनिंग लेन पास माणशी घ्यावे लागतात. ज्यांना मोठ्या राइड करायच्यात त्यांच्यापुरतेच घ्या. आम्ही नवरा आणि थोरला या दोघांचेच घेतले. आजी सोबत नसेल, तर 'रायडर स्विच' मागा: एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. ही सोय फक्त उंची न पुरणाऱ्या मुलांसाठी आहे असा पुष्कळांचा समज असतो. मूल उंच आहे पण बसायचं नाही म्हणतंय, तरीही ती मिळते. आणि रांगेत उभं राहिल्यावर मन बदललं तर अगदी गाडीपर्यंत जाऊनही बाहेर पडता येतं, तिथल्या कर्मचाऱ्याला नुसतं सांगायचं. हे मी लेकीला घरीच तीन-तीनदा सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी हात गारठवणारी थंडी होती आणि दुपारी स्वेटर कमरेला बांधावे लागले. फ्लोरिडातल्या डिसेंबरचं हे असंच, थरावर थर कपडे घाला. पार्किंगकडून मॅजिक किंगडमला मोनोरेलने किंवा बोटीने जाता येतं. लेकीने बोट निवडली. तळ्यापलीकडे किल्ला हळूहळू मोठा होत जाताना ती कठड्याला धरून उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

आधी वाफेच्या इंजिनाची आगगाडी. ही इंजिनं खरीखुरी जुनी आहेत, बाल्डविन कंपनीने बांधलेली. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये काम करून थकल्यावर ती इथे आणून नवी केली. उद्यान उघडलं १९७१ साली, पण इंजिनं त्याहून कितीतरी जुनी. पुढचा मेरी-गो-राउंड १९१७ सालचा. त्यात घोड्यांबरोबर बसायला एक रथही आहे, सासूबाई तिथे पदर सावरून बसल्या. मग डम्बो. उडत्या हत्तीत बसल्यावर समोर एक दांडा असतो, तो वर केला तरच हत्ती वर जातो. लेकीने तो पूर्ण फेरीभर खालीच धरून ठेवला. बाकीचे हत्ती डोक्यावरून जात होते, हिचा जमिनीलगत. उतरल्यावर म्हणाली, "माझा हत्ती माझं ऐकतो." दुसऱ्यांदा बसली तेव्हा तिने दांडा वीतभर वर केला आणि लगेच खाली आणला. मी काही बोलले नाही.

सासूबाईंचा दिवस एपकॉटचा. 'लिव्हिंग विथ द लँड' ही संथ नाव आधी वादळी पावसाच्या अंधाऱ्या देखाव्यातून जाते (हे लेकीला माहीत होतं, तिने कान झाकले) आणि मग खऱ्याखुऱ्या हरितगृहांत शिरते. मातीशिवाय वाढणाऱ्या भाज्या, टोमॅटोची मांडवासारखी पसरलेली झाडं. नाताळात ही हरितगृहं दिव्यांनी सजवतात. जन्म शेतात गेलेल्या बाईने वांग्याच्या रोपाची मुळं हवेत लोंबताना पाहिली आणि माझा हात घट्ट धरला. "ह्याला पाणी कुठनं मिळतं?" मी सांगितलं, मुळांवरच अन्नपाण्याचा फवारा मारतात. आम्ही त्या नावेत तीनदा बसलो. अ‍ॅनिमल किंगडम या प्राण्यांच्या उद्यानात उघड्या ट्रकमधली सफारी धक्के देते, पण जिराफ दिसेपर्यंतच लेकीला ते जाणवले.

आतषबाजी मात्र किल्ल्यासमोर बघितली नाही. कानावर आवाज दाबणारे हेडफोन नेले होते, तरीही ती नको म्हणाली. आम्ही बोटीने पार्किंगच्या बाजूला आलो आणि तळ्याच्या अलीकडून पाहिली. रंग पूर्ण, आवाज अर्धा. शेजारी दोन कुटुंबं अशीच कान झाकलेल्या मुलांना घेऊन उभी होती.

शेवटच्या सकाळी नवरा आणि थोरला स्पेस माउंटनला गेले. तो काळोखातला रोलर कोस्टर, उंचीची अट ४४ इंच. त्याच वेळी आम्ही तिघी पीपलमूव्हरमध्ये बसलो. ही छोट्या डब्यांची गाडी दुसऱ्या मजल्यावरून दहा मिनिटं रमतगमत फिरवते. मध्ये ती त्याच स्पेस माउंटनच्या पोटातून जाते. हे वहीत लिहिलेलं होतं: अंधार हो, पडत नाही, लोक ओरडतात. काळोख झाला, वरून किंचाळ्या आल्या, लेकीने आजीचा हात धरला आणि वर बघत मोठ्याने हाक मारली, "दादाऽऽ!"

बाहेर भेटल्यावर तिने पहिलं विचारलं, "मी हाक मारली ती ऐकलीस?"

केस विस्कटलेला दादा क्षणभर थांबला. "ऐकली की."

"मग परत जा तू," ती म्हणाली आणि आजीला ओढत पीपलमूव्हरच्या रांगेकडे निघाली.