आमची वाटचाल: ठिबकवरून गवतावर

आमचं मूळ काम ठिबकचं. धुळ्यात छोटं दुकान, केळीवाल्यांकडे ओलाव्याचे सेन्सर नि ऑटो व्हॉल्व्ह बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे. गवताकडे वळलो ते साक्री तालुक्यातल्या एका गावामुळे. चराईबंदी करून त्यांनी डोंगर राखला, गवत झकास आलं, आणि मग वाद सुरू की ढोरं सोडायची किती नि किती दिवस.

गवत किती आहे ते मोजायला आधी सॅटेलाइटच बघितलं. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचा डेटा फुकट, १० मीटरचा चौकोन दिसतो, पण पावसाळ्यात ढग आणि दिवाळीनंतर आपल्याकडे गवत वाळतं, मग एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाच्या फोटोवरून काढलेला हिरवेपणाचा आकडा, आपटतो आणि डोंगरावर चारा मात्र कंबरेएवढा उभा! त्या आकड्याला हिरवं तेवढंच कळतं.

म्हणून काठीला अल्ट्रासोनिक सेन्सर लावला, तो आवाज सोडतो आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो, खाली गवतावर टेकणारी हलकी प्लेट, कारण प्लेट नसली तर आवाज काड्यांमधून थेट जमिनीला लागून येतो. सोबत तापमानाचा सेन्सरही हवाच, ध्वनीचा वेग शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, ४० अंशाला साधारण ३५५, आपल्या उन्हात तेवढ्यानं उंची चुकते. एक गुराखी बाबा म्हणे, "भाऊ, हाई डबडं काय सांगस?" प्रश्न बरोबरच होता, कारण डबडं सांगतं फक्त उंची, किलो नाही. पवन्या आणि कुसळी ही दोन गवतं सारख्याच उंचीची असली तरी वजन वेगळं भरतं, त्यात कुसळीचे तुरे प्लेट उचलून धरतात.

त्यामुळे खरं काम विळ्याचंच. ५० बाय ५० सेंमीची चौकट टाकायची, आतलं गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं, आणि त्या वजनाशी उंची जुळवायची. समजा ४० ग्रॅम भरलं तर हेक्टरी १६०० किलो, त्यातलं निम्मं जमिनीला आणि पुढच्या फुटव्याला ठेवायचं. राहिले ८००. २५० किलोची गाय दिवसाला सहा-सव्वासहा किलो कोरडा चारा खाते, म्हणजे १० हेक्टरवर ४० गायी महिनाभर. एवढा हिशोब फळ्यावर लिहिला आणि वाद बराच निवला.

यंत्र आम्ही विकत देत नाही, हंगामात येऊन मोजून देतो. उतार बदलला, गवताची जात बदलली की चौकट परत टाकावी लागते, आणि लोकांना हेच पटवणं अवघड, सगळ्यांना वाटतं यंत्र घेतलं की झालं. पैसे पण निवांतच येतात, त्यामुळे ठिबकची दुरुस्ती अजून चालूच आहे.