साका

आज तो फोटो परत उघडला. सकाळपासून सातव्यांदा असेल. ठाण्याच्या ताईंनी पाठवलेला. बशी, सुरी आणि मधोमध चिरलेला आमचा आंबा. सालीकडून केशरी, कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत. साका. खाली लिहिलंय, 'चार फळांत निघाला. असू दे, होतं असं कधी कधी.'

त्या 'असू दे'नेच घात केला. भांडल्या असत्या तर मीही दोन शब्द ऐकवले असते, विषय संपला असता. समोरचा समजूतदारपणे वागला की मला जागाच उरत नाही. मग मी माफी मागत सुटते. आज चार वेळा मागितली. पहिली रीतीची. दुसरीत चाराच्या जागी डझनभर आंबे कबूल केले. तिसरी कशाबद्दल होती ते आठवत नाही. चौथीत लिहिलं, 'माझंच चुकलं, नीट बघायला हवं होतं.'

काय बघणार होते मी? साका बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही, वासाला येत नाही. उलट फळ जितकं मोठं आणि भरलेलं, तितकी त्याची भीती जास्त. झाडाखाली पालापाचोळा पसरून जमिनीची धग अडवली, आंबा झाडावर फार तयार होऊ दिला नाही, काढल्याबरोबर सावलीत आणला. इतकं करून निघायचा तो निघतोच. हे मला येतं. दुसऱ्या कुणाला समजावायचं असतं तर अर्धा तास बोलले असते.

पण दुपारी अढी लावताना डोक्यात निराळंच चाललेलं. चार आंब्यांवरून पेटीवर, पेटीवरून मागच्या सालच्या काजूच्या फजितीवर, तिथून थेट बी.एड.च्या मुलाखतीवर. मग आईचं. ते नको.

सगळ्याच्या तळाशी एकच वाक्य बसलेलं, वरून बरी दिसते, आतून साका आहे. आता लिहिताना वाचून हसू येतंय. दुपारी पेंढा पसरता पसरता रडले होते. ह्यांना सांगितलं, डोळ्यांत कुसळ गेलं.

कणकवलीच्या समुपदेशक बाईंनी मागे सांगितलं होतं, विचाराला हाकलत बसू नका. वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९८७चा प्रयोग. कॉलेजच्या मुलांना सांगायचं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटा वाजवा. घंटा मिनिटाला एकदाहून जास्त वाजली म्हणे. आमच्याकडे अस्वल कुठलं, मी बगळा धरला. आज दिवसभर बगळाही नाही, नुसती ती बशी.

त्यांचं दुसरं सांगणं मला पटतं, पण पचत नाही. एलिस म्हणून एक अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ, त्याने १९५५च्या सुमाराला विवेकनिष्ठ पद्धत काढली. त्याचं म्हणणं, कृतीला चूक म्हणा, बरोबर म्हणा, अख्ख्या माणसाला गुण देऊ नका. तेव्हा मी मान हलवून आले. पण बाई, आमचा मार्च ते मे जातो कशात? फळ हातात घेतलं की चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी. डागी बाजूला, बारीक बाजूला. तीन महिने ज्या हाताने प्रतवारी करायची, तो हात संध्याकाळी स्वतःकडे वळला की थांबतो होय? मी स्वतःला कायम डागीच्या टोपलीत टाकत आले. चाचपूनसुद्धा न बघता.

संध्याकाळी आपल्यासाठी ठेवलेल्यातला एक कापला, त्यातही साका. सुरी तशीच धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "गो, झाडाक तरी म्हायत आसता काय, खयच्या फळात साको आसा तो? तेवढो कापून टाक नि उरलेल्याचो रस काढ. पोरां जेवूक बसली." तत्त्वज्ञान वगैरे काही नाही, त्यांना रसाची घाई होती. मी कापून टाकला, रस काढला. धाकट्याने वाटी चाटून पुसून परत पुढे केली.

कुंपणाकडे आप्पांनी हौसेने लावलेली रत्नाची दोन कलमं आहेत. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली काढलेली जात. तिच्यात साका नाही. दरवर्षी मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगते, आणि दरवर्षी ती ऐकून घेऊन विचारतात, हापूस कधी येणार?

माझ्यातही रत्नाचं कलम बांधता आलं असतं तर, असं वाटायचं. हल्ली तितकंसं वाटत नाही. आणि या वयात कलम लागणार तरी कुठून!

आत्ता फोन बंद करताना दिसलं. त्या फोटोच्या खाली, माझ्या चारही माफ्यांच्या खाली, दुपारी चारला आलेलं, 'पुढची पेटी कधी पाठवताय?' सात वेळा फोटो मोठा करून बघितला, पण बोट खाली सरकवलं नाही.

उत्तर उद्या सकाळी. आत्ता लिहायला बसले तर पाचवी माफी जाईल.