पऱ्हाटी किती मिळेल? भाव सांगा, मग सांगतो

दहा मेगावॉटचा वीजप्रकल्प, इंधन मुख्यतः पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर वावरात उरलेली कपाशीची झाडं, जागा यवतमाळ जिल्ह्यात. ‘वर्षाला किती माल मिळेल तेवढं काढून द्या,’ असं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, ‘कोणत्या भावाला?’ गुंतवणूकदारांना एकच आकडा हवा होता. मला तक्ता करायचा होता: भाव अमुक असेल तर माल तमुक.

गरज काढणं सोपं. एका युनिटला साधारण 1.35 किलो इंधन धरलं आणि प्रकल्प 80 टक्के क्षमतेने चालला, तर वर्षाला 95 हजार टनांच्या आसपास लागतं. कोरडवाहू कपाशीच्या हेक्टरी दोन टन वाळलेल्या पऱ्हाट्या धरल्या तर हे झालं साडेसत्तेचाळीस हजार हेक्टर. जिल्ह्यात कपाशी चार लाख हेक्टरांच्या वर. कागदावर प्रश्न मिटला. बहुतेक अहवाल इथेच थांबतात आणि बहुतेक प्रकल्प याच आकड्यावर फसतात, असं माझं मत आहे.

पऱ्हाटी हे पीक नाही, पिकामागे उरलेलं आहे. आम्ही भाव दुप्पट केला म्हणून कोणी पऱ्हाटीसाठी कापूस पेरणार नाही. कमाल किती माल असेल हे कापूस आणि सोयाबीनच्या भावांवर ठरतं. त्या मर्यादेच्या आत किती हाती येईल, एवढंच आमच्या भावाच्या हातात.

मग गावोगाव फिरलो. ‘टनाला दोन हजार दिले तर विकाल का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, त्या ‘हो’ला काही किंमत नाही. म्हणून मी विचारत होतो, आज पऱ्हाटीचं काय करता आणि त्याला खर्च किती येतो? तेव्हा खरी उत्तरं यायला लागली. कोणी चिमट्याने उपटून धुऱ्यावर (बांधावर) ढीग लावतो, त्यातली चुलीला जाते, उरलेली पेटवतो. कोणी ट्रॅक्टरला श्रेडर लावून वावरातच भुगा करतो. जमिनीसाठी तेच चांगलं, आणि त्याच्या तोडीचा भाव देणं आम्हाला परवडणारं नव्हतं. दारव्ह्याकडचे एक काका म्हणाले, ‘साहेब, पऱ्हाटीचे पैसे कायले देता? आठ दिवसांत वावर मोकळं करून द्या, अन् फुकट घेऊन जा.’

माझ्या तक्त्याची खालची पायरी त्या वाक्यावर उभी आहे. स्वस्त माल होता, पण त्याची किंमत पैशात नव्हती, वेळेत होती. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग सांगतो की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून घेतलेला कापूस, घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा. पण कापसाला बरा भाव असला की शेतकरी फरदड ठेवतोच, आणि पऱ्हाटी मोकळी व्हायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे वर्षाचा माल थोड्या आठवड्यांत उचलायचा, तोही सगळ्यांना मजूर हवे असतात तेव्हा.

त्यानंतर खर्च मांडला: उपटणी, गोळा करणं, चिपिंग (यंत्राने बारीक तुकडे करणं), भराई, वाहतूक, साठवणीतली घट, मध्यस्थाचा वाटा. सुट्या पऱ्हाटीची ट्रॉली डोंगराएवढी दिसते आणि काट्यावर जेमतेम टनभर भरते. त्यामुळे चिपिंग गावातच करावं लागतं, आणि इथे तक्ता सरळ चढत नाही, उडी मारतो. एका भावापर्यंत कोणी चिपर घेऊन फिरायला तयार नसतो. तो ओलांडला की अचानक कंत्राटदार उभे राहतात आणि तालुकाभरचा माल दिसायला लागतो. ही उडी सरासरीत लपते, म्हणून मी टनाला 1,500 ते 3,000 रुपयांमधल्या पायऱ्या वेगवेगळ्या ठेवल्या.

अंतराचं गणितही गमतीचं. 20 किलोमीटरच्या त्रिज्येऐवजी 40 घेतली की क्षेत्र चौपट होतं, सरासरी अंतर मात्र दुप्पटच, सरळ रेषेत सुमारे 13 वरून 27 किलोमीटर. म्हणून थोडा जास्त वाहतूक खर्च सोसला की माल खूप वाढल्यासारखा वाटतो. पण त्या मोठ्या वर्तुळात ब्रिकेटचे (काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचे) कारखाने असतात, वीटभट्ट्या असतात, आणि भाव चढला की त्यांचे दलालही त्याच धुऱ्यावर येतात. भाताच्या तुसाचं हेच झालं: एकेकाळी राइस मिलवाल्यांना नकोसं झालेलं तूस बॉयलरवाल्यांच्या मागणीने महाग झालं. म्हणून वरच्या भावांसमोरचे टन मी इतर गिऱ्हाइकांचा वाटा वजा करूनच लिहिले.

सगळ्यात जास्त वाद ओलाव्यावर झाला. हिशेब टनात नको, उष्णतेत हवा, हा माझा आग्रह. पूर्ण वाळलेल्या पऱ्हाटीत किलोला 4,000 किलोकॅलरी धरल्या तर 12 टक्के ओलाव्याला 3,520 उरतात, 30 टक्क्यांना 2,800. दोन्ही ट्रक काट्यावर सारखेच भरतात, वीज मात्र दुसऱ्यातून निदान एक पंचमांश कमी. टनावर पैसे दिले की लोक ओला माल आणतात, त्यात त्यांचा काय दोष? अवकाळी पावसाच्या वर्षासाठी मी वेगळा रकाना ठेवला, तो काढून टाका असं दोनदा सुचवण्यात आलं. ठेवला.

शेवटी बँकेला एकच आकडा हवा होता. मी 2,500 रुपयांच्या ओळीतला कमीत कमी मालाचा आकडा दिला, आणि खाली अट लिहिली: पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांचा साठा स्वतःच्या शेडमध्ये नसेल तर हा आकडा धरू नये. त्या हिशेबाने दहा मेगावॉटला माल पुरत नव्हता. आता सहा मेगावॉटवर बोलणी सुरू आहेत आणि शेडचा खर्च कोणी करायचा यावर अडली आहेत.