चौथी दाढ

"आता ही पण काढा, डॉक्टरबाई," मावशी खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. खालची, उजवीकडची. त्याच बाजूच्या दोन दाढा दुसऱ्या दवाखान्यात काढलेल्या. तिसरी मीच काढली होती, तीन महिन्यांपूर्वी.

ठोकून पाहिलं, थंड लावून पाहिलं, एक्स-रे काढला. दाढ ठणठणीत. तेवढ्यात माझं लक्ष पदराकडे गेलं. पंख्याचं वारं लागू नये म्हणून त्यांनी तो आडवा धरला होता, पण गालाला न टेकवता.

"कळ कशी येते?"

"वीज चमकल्यासारखी. चूळ भरली तरी येते. लगेच जाते, पण जीव घेऊन जाते."

रात्री मात्र झोप लागते, म्हणाल्या. दाढेचं ठणकणं सहसा झोपू देत नाही. हे प्रश्न मी मागच्या वेळी विचारलेच नव्हते. बाहेर पेशंट ताटकळत होते, त्या रडत बोटाने दाढ दाखवत होत्या, दाढेत थोडी कीडही होती. भूल दिल्यावर कळ थांबली आणि मी निदान पक्कं धरलं. ट्रायजेमिनल न्युराल्जियातही, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यातही, नस बधिर केली की कळ तेवढ्यापुरती थांबते. कॉलेजात शिकलेलं, ऐन वेळी आठवलं नाही.

मुलगा म्हणाला, "डॉक्टरांनीच सांगितलंय, मनाचं आहे. तिच्या समाधानासाठी काढून टाका." मावशी सही द्यायला तयार. पण सही मिळाली म्हणून चांगली दाढ काढायची? मी नाही म्हटलं. मग जे सांगायला जीभ रेटत नव्हती तेही सांगितलं, "मावशी, मी काढलेली दाढही बहुतेक काढायला नको होती. चूक माझी. दुखणं चेहऱ्याच्या नसेचं दिसतंय."

मुलगा भडकला. त्याचा राग रास्तच होता. मावशी बराच वेळ गप्प होत्या.

"म्हणजे मी सोंग करत नव्हते," त्या मुलाकडे बघत म्हणाल्या.

न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. त्यांनी एमआरआय आणि रक्त तपासून नसेच्या कळांवरचं औषध, कार्बामाझेपिन, सुरू केलं, 100 मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं, हे मी मुलाकडून दोनदा वदवून घेतलं.

परवा मावशी आल्या होत्या. कळा थांबलेल्या नाहीत, पण कमी झाल्यात. त्या तीन जागी दाढा बसवता येतील का, विचारत होत्या. मी म्हटलं, नस शांत झाली की बसवू. मी काढलेल्या दाढेच्या जागेचे पैसे घेणार नाही, हेही सांगितलं.